दिंडोरी रोडवरचा बेदाणा: सोनेरी राहू द्या, तपकिरी घ्या

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं आणि म्हसरूळ मागे पडलं की रस्त्याच्या कडेला 'बेदाणा मिळेल' असे हाताने रंगवलेले बोर्ड दिसायला लागतात, त्यातल्याच एका दुकानाचा हा रिव्ह्यू. दुकान म्हणजे पुढे पत्र्याचं छप्पर, एक वजनकाटा, थोडे क्रेट आणि मागे त्यांचीच द्राक्षबाग. ढकांब्याच्या टोलनाक्याच्या अलीकडे लागतं. बोर्डावर दुकानाचं नाव नाही त्यामुळे मॅपवर शोधत बसू नका, बागेच्या कडेला हिरव्या शेडनेटची बेदाण्याची शेड दिसली की थांबायचं. घरचीच माणसं चालवतात, काका, काकू आणि त्यांचा मुलगा, त्याला सगळे दादाच म्हणतात, बाग आणि शेड तोच बघतो.

आधीच सांगते, चव चांगली आहे म्हणून तर घेतेच, पण मुख्य कारण वेगळं आहे. आमच्या घरात एकाला दमा आहे आणि बेदाण्याला काय लावलंय हे मला विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं. बाजारात सुट्ट्या मालावर लेबलच नसतं आणि विचारलं तर 'एकदम फ्रेश आहे ताई' एवढंच उत्तर मिळतं. इथं विचारलं की दादा हातातलं काम ठेवून शेडमध्ये नेतो आणि काय केलंय ते दाखवतो, लपवत काही नाही.

माल तीन प्रकारचा असतो, सोनेरी, हिरवा आणि तपकिरी. गंमत म्हणजे तिन्ही एकाच बागेतले, एकाच जातीच्या द्राक्षाचे, थॉमसन सीडलेसचे. लोकांना वाटतं सोनेरी बेदाणा सोनेरी द्राक्षाचा आणि तपकिरी म्हणजे हलक्या किंवा जुन्या मालाचा, तसं अजिबात नाहीये. फरक सगळा वाळवण्यात आहे आणि तो समजला की कुठल्या पिशवीला हात घालायचा ते आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात वेलीवरच होते. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा-केळी घरात आणून पिकवता येतात, द्राक्षाचं तसं नाही, जेवढी साखर वेलीवर असताना भरली तेवढीच, घड तोडला की विषय संपला. दादाकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो, मणी पिळून काचेवर थेंबभर रस टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, ब्रिक्स दिसतो, म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर आहे तो आकडा. खायच्या द्राक्षाचा माल १६ ते १८ ब्रिक्सला निघतो, पण हा बेदाण्यासाठीचे घड २२ च्या वर गेल्याशिवाय तोडत नाही. यामागे साधं गणित आहे. तयार बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. १८ ब्रिक्सच्या १०० किलो द्राक्षातून साधारण २१ किलो बेदाणा पडतो आणि २२ ब्रिक्सच्या १०० किलोतून २६ किलोच्या जवळपास. म्हणजे थांबण्यात शेतकऱ्याचा पण फायदा आणि खाणाऱ्याचा पण, कारण कमी गोडीचा मणी वाळला की चामट आणि आंबट लागतो, आत गर असा राहतच नाही. पण थांबायचं म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत माल वेलीवर ठेवायचा आणि त्या दिवसात नाशिकला अवकाळी कधी येऊन धडकेल याचा नेम नाही, पाऊस पडला की मणी तडकतो आणि तडकलेल्या मण्यात बुरशी शिरते. ही जोखीम घेणाऱ्या माणसाच्या मालाला दोन पैसे जास्त द्यायला मला काही वाटत नाही.

आणि आपल्याकडे हे मुद्दाम सांगायला पाहिजे, कारण नाशिकची द्राक्षं मुख्यतः खायला आणि एक्सपोर्टला पिकवली जातात, बेदाण्याचा मोठा कारभार सांगली-तासगावकडे, सोलापूरकडे. त्यामुळे इथं बऱ्याचदा एक्सपोर्टची तोडणी झाल्यावर जे मागे राहील ते शेडमध्ये जातं. यांनी मात्र बागेचा एक तुकडा बेदाण्यासाठीच राखून ठेवलाय. त्या ओळीतले मणी बघितले तर एक्सपोर्टच्या मालापेक्षा लहान दिसतात, कारण त्यांना जीएच्या डीप, म्हणजे त्याच्या पाण्यात घड बुडवून काढणं, कमी दिल्यात. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, मणी लांब आणि मोठा करायला वापरतात. याचा शोध द्राक्षात नाही, भाताच्या एका रोगात लागला, जपानमध्ये भाताची रोपं बुरशीमुळे भसाभस उंच वाढून कोलमडायची, १९२६ साली कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की बुरशी जे द्रव्य सोडते त्यानेच हे होतं. तेच पुढे आपल्या बागांत आलं. थॉमसनमध्ये बी तयार व्हायला सुरुवात होते पण ते मध्येच खुंटतं, आणि बीतून मिळणारं वाढीचं संप्रेरक कमी पडल्यामुळे मणी लहान राहतो, ती कसर जीएने भरून काढतात. खायच्या द्राक्षाला ते ठीक आहे, बेदाण्याला लहान मणीच बरा, लवकर आणि सारखा वाळतो.

आता वाळवण्याकडे येते. द्राक्षावर जो पांढरट थर दिसतो, ज्याला बरेच जण औषध समजून खसाखसा धुतात, तो बऱ्याच अंशी द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. वेलीवर हे मेण पाणी आत धरून ठेवतं म्हणून तर मणी उन्हात टिकतो, पण वाळवताना तेच आडवं येतं. म्हणून हिरव्या आणि सोनेरी मालाला आधी डीप देतात, एका लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल, म्हणजे मुख्यतः इथाईल ओलिएट. क्रेट त्यात काही मिनिटं बुडवून काढायचे आणि जाळीच्या रॅकवर पसरायचे. मेणाचा थर विस्कटतो, पाण्याला वाट मिळते आणि पंधरा-वीस दिवसात सावलीत माल तयार होतो. हे ऐकून घाबरायचं कारण नाही, भूमध्य समुद्राकडचे लोक प्राचीन काळापासून हेच करत आलेत, लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरून. राखेतला क्षार तोच पोटॅशियम कार्बोनेट, आणि ऑलिव्हच्या तेलात मुख्य असतं ते ओलिक ॲसिड, ज्याच्यापासून इथाईल ओलिएट बनतं. फक्त तेल खाद्य दर्जाचं पाहिजे. दादाने कॅन दाखवला, लेबल वाचलं मी, समाधान झालं.

तपकिरी मालाला मात्र हा डीपही नाही. घड तसेच उन्हात, वर जाळी, खाली स्वच्छ कापड. तीन-चार आठवडे लागतात, जागा अडकते, रोज संध्याकाळी झाकायचं, सकाळी उघडायचं, काकूंचं काम ते. त्यामुळे हा माल थोडाच निघतो आणि मेच्या शेवटी संपत येतो.

आता रंगाची गोष्ट. मणी वाळताना पेशी फुटतात, आतलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाईम आणि फिनॉल एकत्र येतात, हवेतल्या ऑक्सिजनबरोबर क्रिया होते आणि तपकिरी रंग येतो, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं तीच ही क्रिया. म्हणजे तपकिरी होणं हा द्राक्षाचा स्वभाव आहे, माल खराब झाल्याची खूण नाही. सोनेरी रंग हवा असेल तर ही क्रिया थांबवावी लागते आणि ती थांबवायला गंधकाची धुरी देतात. बंद खोलीत गंधक जाळायचं, त्यातून सल्फर डायऑक्साईड निघतो, तो एन्झाईमला गप्प करतो आणि असलेला रंग पण उजळवतो. अफगाणिस्तानातले लोक धुरीशिवाय हिरवी किसमिस करतात, मातीच्या भिंतींना झरोके ठेवून केलेल्या अंधाऱ्या खोल्यांत घड टांगून ठेवतात, ऊन लागू देत नाहीत आणि कोरडा वारा आरपार जातो. नाशिकच्या हवेत तेवढा कोरडेपणा भरवशाचा नाही, म्हणून हिरव्याला पण इथं हलकी धुरी द्यावी लागते असं दादा स्वतःच सांगतो.

सल्फर डायऑक्साईड हे काही बेकायदा प्रकरण नाही, हे पण तेवढंच स्पष्ट सांगते. सुक्यामेव्यात त्याला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, पॅकेटवर आयएनएस २२० असा पदार्थात मिसळलेल्या घटकाचा नंबर लिहिलेला असतो तो ह्याचाच. बहुतेकांना काही होत नाही. पण दमा असलेल्यांपैकी काहींना सल्फाईटने, म्हणजे धुरीतून मालात राहिलेल्या याच गंधकाच्या संयुगांनी, छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते, आणि हे डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलंय. सुट्ट्या सोनेरी बेदाण्यात किती राहिलंय ते घरी मोजता येत नाही. पिशवी उघडल्या उघडल्या काडेपेटीची काडी ओढल्यासारखा तिखट वास नाकात गेला तर समजायचं धुरी जड आहे. कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकलं तर थोडं कमी होतं, सगळं जात नाही. म्हणून आमच्या घरात फक्त तपकिरी.

द्राक्ष आणि गंधक यांचं नातं इथपर्यंतच नाही, नाशिकमध्ये राहून हे माहीत असायलाच पाहिजे असं मला वाटतं. वेलीवर भुरी हा बुरशीचा रोग आला की पाण्यात मिसळणारं गंधक फवारतात. एक्सपोर्टच्या बॉक्समध्ये घडांच्या वर एक कागद ठेवलेला असतो, ग्रेप गार्ड म्हणतात, त्यात सोडियम मेटाबायसल्फाईट असतं, बॉक्समधल्या ओलाव्याने हळूहळू सल्फर डायऑक्साईड सुटतो आणि बोटीच्या प्रवासात करड्या बुरशीला रोखतो. आणि गंगापूर धरणाकडे ज्या वायनऱ्या आहेत तिथं वाईन टिकवायला पण तेच वापरलं जातं. एकच मूलद्रव्य बागेपासून बाटलीपर्यंत, आणि बहुतेक ठिकाणी ते प्रमाणात वापरलं तर काम चोख करतं. माझा आक्षेप फक्त न सांगता विकण्याला आहे.

फवारणीच्या औषधांच्या अंशाचा प्रश्न पण मी दादाला विचारला, आणि तो प्रत्येकाने विचारावा. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे मण्यात जे काही उरलेलं असेल ते पण आटलेल्या मालात एकवटू शकतं. काही औषधं उन्हात मोडतात, काही डीपमध्ये धुऊन जातात, पण जी झाडाच्या आत शिरतात ती अशी सहज जात नाहीत. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे. हे वाढ रोखणारं औषध, खरड छाटणीनंतर, म्हणजे तोडणी झाल्यावरच्या मोठ्या छाटणीनंतर, वेलीची फाजील वाढ थांबवून काडीत घड धरायला वापरायचे. नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी त्या वर्षी काय सोसलं ते इथल्या कुणालाही विचारा. युरोपला जाणारा माल लॅबमधून तपासल्याशिवाय निघत नाही. पण देशात विकला जाणारा सुट्टा बेदाणा तेवढा तपासला जात नाही, आणि मला हे मनापासून खटकतं, आपली पोरं खातात त्याला वेगळा न्याय का? दादाची बाग एक्सपोर्टला नोंदवलेली आहे त्यामुळे त्याच्याकडे यंदाच्या तोडणीआधीचा रिपोर्ट होता, मागितल्यावर फाईल काढून दाखवली. तो रिपोर्ट द्राक्षाचा आहे, बेदाण्याचा नाही, हे पण त्यानेच सांगितलं. बेदाण्याची वेगळी टेस्ट करून घे म्हणून मी मागे लागलेय, खर्च परवडत नाही म्हणतो, तरी पुढच्या सीझनला आसपासचे दोघे-तिघे मिळून करायचं चाललंय.

चवीचं सांगायचं तर तपकिरी बेदाणा सोनेरीपेक्षा खोल गोड लागतो, गुळाच्या जवळ जाणारी चव, आणि वाळल्यामुळे आलेला एक खमंगपणा. साल पातळ, चावल्यावर गर लागतो. तुपात टाकला की आतल्या पाण्याची वाफ होऊन टम्म फुगतो, शिऱ्यात आणि पुलावात मस्त. श्रीखंडात मात्र सोनेरी जास्त शोभतो हे मान्य, तपकिरी दह्यात रंग सोडतो. हिरवा मला विशेष वाटला नाही, आंबटसर आहे आणि भाव सगळ्यात जास्त, तो भाव दिसण्याचा आहे.

एक गोष्ट काकूंना पण सांगितली आणि इथंही लिहिते कारण बोर्डावर 'रक्त वाढवतो' असं लिहून ठेवलंय. १०० ग्रॅम बेदाण्यात लोह २ मिलिग्रॅमच्या आसपास. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम खाल्ला तर अर्धा मिलिग्रॅम. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. मग रात्री भिजवलेले दहा मणी खाऊन हिमोग्लोबिन वाढेल या भरवशावर कुणी बाळंतिणीने गोळ्या बंद करू नयेत. बेदाण्यात पोटॅशियम चांगलं आहे, चोथा आहे, आणि साखर भरपूर आहे, १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या वरच, त्यामुळे डायबेटिस असलेल्यांनी मोजून खावा. काकू हसल्या, म्हणाल्या, 'अगं बाई, सगळेच असं लिहितात,' पण परवा गेले तेव्हा ती ओळ पुसलेली होती, त्याचं मला फार बरं वाटलं.

आता कमी काय आहे ते. पॅकिंग. साध्या पिशवीत भरून गाठ मारून देतात, त्यावर ना तारीख ना परवाना नंबर. एवढं चांगलं काम करणाऱ्यांनी निदान तोडणीचा महिना आणि 'धुरी दिलेला' की 'न दिलेला' एवढं तरी लिहावं, साधा स्टिकर पुरतो. दुसरं म्हणजे तपकिरी मालात देठं राहतात, हाताने निवडतात त्यामुळे सुटतात काही, लहान मुलांना देताना बघून द्या, आणि उघड्यावर वाळवलेला असल्याने घरी एकदा धुऊन पसरून सुकवा. तिसरं, तपकिरी आणि सोनेरी क्रेट एकमेकांना खेटून ठेवतात आणि मापाचा डबा एकच, हे दम्यावाल्यांसाठी बरोबर नाही, मी दर वेळी आपला डबा पुढे करते. गाडी लावायला जागा आहे पण सप्तशृंगीच्या यात्रेच्या दिवसात वणीकडे जाणारी गर्दी असते, तेव्हा तिथं थांबणं अवघड होतं.

भाव मी शेवटचा घेतला तेव्हा सोनेरी ३६० रुपये किलो, तपकिरी ४२० आणि हिरवा ४५०. बाजारात तपकिरी स्वस्त मिळतो आणि इथं महाग कसा असं सगळे विचारतात, तर बाजारातला बराच तपकिरी माल हा बिघडलेला सोनेरी असतो, पाऊस लागून किंवा धुरी कमी पडून काळपटलेला. हा मुद्दाम उन्हात वाळवलेला आहे. ओळखायचं असेल तर मणी फोडून बघा, मुद्दाम केलेला आतपर्यंत एकसारखा तपकिरी असतो आणि वास गोड येतो, बिघडलेल्यात डाग-डाग दिसतात आणि आंबूस वास असतो.

घरी आणल्यावर काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, नाशिकच्या पावसाळ्यात बाहेर ठेवला की हवेतलं पाणी ओढून चिकट होतो. नीट वाळलेल्या बेदाण्यात उरलेलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं त्यामुळे बुरशीला ते मिळत नाही, पण ओल धरली की हा बंदोबस्त मोडतो. काही महिन्यांनी वर पांढरे कण दिसले तर लगेच फेकू नका, बहुतेक वेळा ती साखर असते, कोमट पाण्यात विरघळते. कापसासारखं लव असेल आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी, तेव्हा सगळी बरणी टाकायची. अळीची भीती असेल तर आणल्यावर आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. आणि घरात कुत्रा असेल तर बरणी वर ठेवा, द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक आहे, थोडा खाल्ला तरी डॉक्टरकडे न्यायचं.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक स्टार पॅकिंगचा आणि त्या एकाच मापाच्या डब्याचा कापलाय. शेड चालू बघायची असेल तर मार्चच्या शेवटापासून एप्रिलभर जा, सकाळी अकराच्या आत, तेव्हा दादा मोकळा असतो. तपकिरीसाठी मे ओलांडू नका. जाताना आपला कोरडा डबा न्या आणि मोजताना तो आधी काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा.